तुमची नोंद मी थांबवली

धनराजजी,

तुम्ही गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पेपर तपासत होते. तुमच्या ऑफिसातला माणूस दारातच उभा होता. त्याला आत बोलावलं, पाणी दिलं, कसं झालं ते विचारलं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसले होते, छातीत कळ आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं, असं तो म्हणाला. मी "बरं" म्हटलं. तो गेल्यावर दार लावलं आणि उरलेले पेपर तपासून पुरे केले. दुसऱ्या दिवशी कॉलेजात ते पुन्हा काढून पाहिले, कुठे चुकले असेन म्हणून. सगळ्या बेरजा बरोबर होत्या. मला त्याचंच वाईट वाटलं.

घाटावर आमच्याकडे बायका जात नाहीत. तुमच्याकडच्या आल्या होत्या, म्हणून मीही आले. भन्तेजींच्या मागून सगळ्यांनी त्रिशरण-पंचशील म्हटलं. मला ते पाठ नाही, मी नुसती उभी राहिले. रडणारे रडत होते आणि मी तुमच्या चष्म्याचा विचार करत होते. तो कोणी काढून ठेवला असेल, कुठे ठेवला असेल. तुम्हाला मी चष्म्याशिवाय कधी पाहिलंच नव्हतं. त्यामुळे तिथे निजलेला माणूस तुम्हीच, हे मला शेवटपर्यंत पटलं नाही. अजूनही पटलेलं आहे असं म्हणवत नाही. कॉलेजला जाते, शिकवते, घरी येऊन वरण-भात लावते. लोक म्हणतात, निर्मलाबाई धीराच्या आहेत. धीर वगैरे काही नाही. बोट दाराच्या फटीत सापडल्यावर पहिल्या क्षणी जसं काहीच कळत नाही, तसं चाललं आहे. फक्त तो पहिला क्षण संपत नाही.

आपली ओळख कशी झाली ते आता लोक विचारतात. मी सांगते, चरित्रकोशामुळे. मग चरित्रकोश म्हणजे काय ते सांगावं लागतं.

नागपूर आणि आसपासच्या भागात होऊन गेलेल्या माणसांचा कोश, आणि तो पंडितांनी नाही, साऱ्या शहराने मिळून लिहायचा, ही कल्पना आप्पासाहेबांची. निवृत्त हेडमास्तर, महाल भागातलं जुनं घराणं, ओळखी गावभर. त्यांनी पेपरात निवेदन दिलं, की कोणीही नोंद पाठवावी आणि कोणीही दुरुस्ती सुचवावी. आणि मग टपाल सुरू झालं. कोणाचे वडील, कोणाचे गुरू, पहिलवान, वैद्य, संत्र्यांचे व्यापारी, भजनी मंडळाचे बुवा. वाचनालयाच्या माडीवर रविवारी दुपारी आपण बसायचो आणि कोणाला घ्यायचं, कोणाला नाही, यावर भांडायचो. मी इतिहास शिकवते म्हणून मला घेतलं होतं. तुम्हाला कोणी बोलावलं नव्हतं. तुम्ही एका नोंदीतली चूक दाखवायला म्हणून माडी चढून आलात आणि राहिलात.

नियम तुम्हीच घातलेत. माणूस हयात नसावा. त्याचं काम त्याच्या घराबाहेर कोणाच्या तरी उपयोगी पडलेलं असावं. आणि त्याचा छापील पुरावा असावा, दोन ठिकाणचा. तो लिहिणारा नात्यातला किंवा जवळचा नसावा, त्रयस्थ असावा. आप्पासाहेब हसले होते. "अहो, या नियमाने अर्धं नागपूर बाहेर राहील." तुम्ही म्हणालात, "राहू द्या जी. जे आत येईन ते पक्कं राहीन."

जरीपटका वस्तीतली ती दुपार मला सारखी आठवते. कैलासवासी अमुक यांची एक सुरेख नोंद टपालाने आली होती. फाळणीनंतर आलेल्या सिंधी मुलांसाठी बराकीत शाळा चालवलेले मास्तर. पुरावेही जोडलेले होते. फक्त निधनाची तारीख नव्हती. ती विचारायला आपण दोघं त्या घरी गेलो. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दार उघडलं. तुम्ही नम्रपणे मास्तरांचं नाव सांगून म्हणालात, की ते वारले कधी ते विचारायला आलो. ते जरा ओशाळले. म्हणाले, "मीच तो. मी लिहून पाठवला. बगून राहिलो होतो, कसा दिसते ते."

मी दुसरीकडे पाहिलं, मला हसू आवरत नव्हतं. तुम्ही हसला नाहीत. चपला काढून आत जाऊन बसलात. म्हणालात, "मास्तर, नोंद एकदम चांगली हाये. पण तुम्ही अजून पात्र नाही झाले. घाई करू नका." त्यांनी आपल्याला चहा आणि खारी बुंदी दिली, शाळेतल्या मुलांचा एक फोटो दाखवला. परतताना मी म्हटलं, असा माणूस कोशात नाही आणि मेलेले सावकार आहेत, हा कसला नियम. तुम्ही सायकल हातात धरून चालत होता. म्हणालात, "जिवंत माणसाची नोंद करायची नसते, बाई. त्याच्या घरी जाऊन चहा प्यायचा असते." त्यानंतर तुम्ही अधूनमधून त्यांच्याकडे जात होता, हे मला नंतर कळलं. ते घाटावर आले होते.

तुमच्या या कडकपणाचा मला राग यायचा आणि आधारही वाटायचा. आप्पासाहेबांच्या मामांची नोंद आली तेव्हाचंच घ्या. मोठे वकील. पुरावा म्हणून जोडलेली होती घरच्यांनीच काढलेली स्मरणिका. कोणी काही बोलणार नव्हतं. तुम्ही म्हणालात, "आप्पासाहेब, हे घरचं हाये." बस, एवढंच. आप्पासाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि पुढचं नाव वाचलं. तुम्हा दोघांबद्दलही मला त्या दिवशी आदर वाटला. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही.

आणि मग आपलं भांडण झालं. ते अजून मिटलेलं नाही, म्हणून ते इथे पुन्हा काढते.

तुमच्या घरी, इंदोऱ्याच्या वस्तीत, मी जेवायला आले होते. तुम्ही दही आणायला गेला होता. शांताबाईंनी पोळ्या लाटता लाटता सहज सांगितलं, की त्या शिकल्या त्या तुमच्या वडिलांमुळे. डोमाजींमुळे. वस्ती रेल्वे लाइनीच्या अलीकडे आणि मुलींचं हायस्कूल पलीकडे. वाटेत टवाळ पोरं, मालगाड्या, आणि वस्तीबद्दल वाईट बोलणारी गल्ली. म्हणून चौथीनंतर मुली घरी बसत. डोमाजी मिलमध्ये विणकर होते. त्यांनी घरोघर जाऊन सांगितलं, पोरींना मी नेतो, मी आणतो. आणि ते नेत राहिले, आणत राहिले. वर्षानुवर्षं. वस्तीत त्याला डोमाजीची लाइन म्हणत. त्या लाइनीत शांताबाई होत्या. "सासरे मग झाले," त्या म्हणाल्या, "आधी ते आमच्या लाइनीचे होते."

पुढच्या रविवारी मी माडीवर डोमाजींचं नाव घेतलं. तुम्हाला न विचारता, पण तुमच्यासमोर. आप्पासाहेब खुर्चीत पुढे सरकून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "यांना पुरावा कसला मागायचा? सर्वानुमते घेऊ." सगळ्यांचे हात वर गेले. तुम्ही उठून उभे राहिलात.

"घेऊ नका," तुम्ही म्हणालात. "कुठं छापून नाही. नियम सगळ्यायले एक."

आप्पासाहेब म्हणाले, "धनराज, आम्ही मनापासून म्हणतोय."

"मले माहीत हाये जी. पण हात वर करून दिलेली नोंद हात खाली करून काढता बी येते."

परत जाताना सीताबर्डीपर्यंत आपण भांडत गेलो. मी म्हटलं, त्या काळी छापखाने कोणाच्या हातात होते? डोमाजींचं नाव छापायला कोण बसलं होतं? तुमच्या नियमाने तुमचीच माणसं बाहेर राहतात. तुम्ही सायकल थांबवलीत.

"निर्मलाबाई, आमच्याबद्दल लोकायनं आजपर्यंत लय लिहिलं. कोणी येऊन विचारलं नाही, ऐकीव लिहिलं. आता लिहाची पाळी आमची आली, तं मी बी ऐकीवच लिहू?"

"ऐकीव आणि डोळ्यांनी पाहिलेलं एक नसतं."

"मंग ज्यानं पाहिलं त्यानं लिहावं. सही करून."

"शांताबाईंनी पाहिलंय."

"ते सून हाये."

"मग बाकीच्या मुलींना विचारा."

तुम्ही सायकल पुन्हा ढकलायला लागलात. मग म्हणालात, "आमचे बाबा पोरींसाठी दारोदार गेले, स्वतःसाठी कोणाच्या दारात गेले नाही. मी त्यायच्यासाठी जाऊ काहून?"

मला हे तेव्हा पटलं नाही, आताही पटत नाही. दुसऱ्यांसाठी तुम्ही किती दारांत गेलात. गड्डीगोदामच्या त्या सुईणीसाठी तर तिने सोडवलेल्या बायका शोधून काढल्यात, त्यांच्यातल्या शिकलेल्यांना दोन साप्ताहिकांत लिहायला लावलंत, तो छापील पुरावा झाला आणि मगच ती कोशात आली. नियम न मोडता बाहेरच्याला आत आणायची ही वाट तुम्हीच शोधली. फक्त वडिलांच्या वेळेला त्या वाटेने जायचं नाही. याला निःपक्षपात म्हणतात की मान, हे मी तुम्हाला कितीदा तरी विचारलं. तुम्ही दर वेळी वेगळं उत्तर दिलंत. एकदा नुसतं म्हणालात, "लाज वाटते, बाई." 

पण एक सांगू का. माझ्याशी असं कोणी भांडलं नव्हतं. कॉलेजात पुरुष प्राध्यापक माझी समजूत काढतात. घरचे, म्हणजे काटोलकडचे माझे भाऊ, तेही समजूतच काढतात. एकटी राहणाऱ्या बाईशी लोक जरा हळू बोलतात. तुम्ही माझ्याशी पुरं भांडायचात, आवाज चढवून, आणि हरलात तर हरलो म्हणायचात. त्या एका गोष्टीसाठी मी आठवडाभर रविवारची वाट पाहायचे. याचे आभार मानायचे असतात, हे मला माहीत नव्हतं.

शेवटच्या रविवारी आपण कशावरून अडलो होतो आठवतं? एका पहिलवानाचं आडनाव ऱ्हस्व की दीर्घ. दोन्ही छापून आलेलं होतं. तुम्ही म्हणालात, त्याच्या नातवाला विचारतो, पुढच्या रविवारी पाहू. जिना उतरलात. मी वर कागद आवरत होते, मान वर करून पाहिलंही नाही.

तुमच्या घरी मी गेले ती गर्दी ओसरल्यावर. शांताबाई पांढऱ्या लुगड्यात, भिंतीला टेकून. मला वाटलं होतं मी त्यांना काही तरी बोलेन. बोलल्या त्याच. शेजारणीने चहा आणून ठेवला, तो दोघींचाही निवला. बोलता बोलता त्यांनी डोमाजींचं काढलं. तुम्ही मला कधी न सांगितलेलं सांगितलं.

डोमाजी रातपाळी मागून घ्यायचे, सकाळ मोकळी राहावी म्हणून. मिलमधून सुटले की केसांत कापूस तसाच, सरळ चौकात. मुली जमल्या की पुढे हे, मागे मुली. मालगाडी लाइनीवर उभी असली की कोणाला डब्याखालून जाऊ द्यायचे नाहीत. उशीर झाला की शाळेत जाऊन मोठ्या बाईंपुढे उभे राहायचे, पोरींची चूक नाही म्हणायचे. आणि घरी जाऊन पुन्हा यायला सवड नसे, म्हणून शाळेसमोरच्या कडुनिंबाखाली गमछा अंथरून झोपायचे. शाळा सुटेपर्यंत.

"शाळेतल्या बायायले वाटे का हा कोणाचा तरी बाप हाये," शांताबाई म्हणाल्या. "कोणाचा, ते कोणी विचारलं नाही. आम्ही बी सांगितलं नाही. त्यायले पोरगी नव्हती नं."

मी विचारलं, त्या बाकीच्या मुली आता कुठे असतात.

"आहेत की. एक इथंच सिस्टर हाये दवाखान्यात. एक हेडमिस्ट्रेस झाली. मी यायले किती डाव म्हटलं, बोलावू का त्यायले. नाही म्हणत." त्यांनी निवलेला कप बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "ते नाही म्हणत होते. ते आता नाहीत. मी तं आहो."

गेल्या रविवारी त्या आल्या, धनराजजी. जिन्यावर बायकांचे आवाज ऐकून वाचनालयाचा शिपाई घाबरून वर सांगायला आला. शांताबाई पुढे, मागे त्या सगळ्या. पोक्त बायका, कोणी चष्मा लावलेल्या, कोणी ड्युटीवरून थेट आलेल्या. आप्पासाहेब उठून उभे राहिले आणि खुर्च्या कमी पडल्या तेव्हा स्वतःची सोडून खिडकीत जाऊन बसले. त्या बोलत होत्या आणि एकमेकींना दुरुस्त करत होत्या. छत्री काळी होती, नाही वं, तपकिरी होती. यमुनाबाई, त्या सिस्टर, म्हणाल्या की त्यांच्या बापाने नववीत लग्न ठरवलं, तेव्हा डोमाजी त्यांच्या ओट्यावर येऊन बसले. भांडले नाहीत. फक्त उठेनात. बापाने शेवटी कंटाळून मॅट्रिकपर्यंत थांबायचं कबूल केलं.

आप्पासाहेबांनी हळूच विचारलं, "हे सगळं तुम्ही लिहून द्याल का? आमच्या इथे छापील लागतं. हा नियम..." त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही.

"लिहू की जी," यमुनाबाई म्हणाल्या. "त्यात काय हाये?"

यमुनाबाई आणि त्या हेडमिस्ट्रेस, दोघींचे लेख दोन वेगळ्या साप्ताहिकांकडे गेले आहेत. दोन्ही संपादक घेतो म्हणाले. छापून आले की डोमाजींची नोंद होईल, हात वर न करता. तुमच्याच वाटेने होईल, फक्त तुमच्या मनाविरुद्ध. तुम्ही असता तर रागावला असता, आणि मला तुम्हाला रागावलेलं पाहायचं होतं.

बायका अजून बसलेल्याच होत्या, तेव्हा आप्पासाहेबांनी दुसरं नाव काढलं. तुमचं. म्हणाले, हा कोश धनराजने उभा केला, त्याची नोंद यात नसेल तर कोश कशाचा.  सगळ्यांचे हात वर गेले. माझा गेला नाही. मी म्हणाले, छापील पुरावा नाही. जे आहे ते आपणच लिहिलेलं आहे, आपल्याच निवेदनांत.

कोणी तरी म्हणालं, "निर्मलाबाई, आज तरी."

आप्पासाहेब म्हणाले, "तुम्ही त्याच्यावर लेख लिहिताय ना? तो आला की एक पुरावा होईल. दुसरा मिळेल कुठे तरी."

"माझा लेख धरता येणार नाही," मी म्हटलं.

"का नाही? तुम्ही नात्यातल्या नाही."

मी खाली टेबलाकडे पाहत होते. आवाज माझाच होता, सरळ, वर्गात शिकवताना असतो तसा. मी म्हणाले, "त्यांच्याबाबतीत मी त्रयस्थ नाही."

 आप्पासाहेबांनी तुमच्या नावाचा कागद बाजूला ठेवला. पुढे कधी पुरावा मिळाला तर पाहू, असं म्हणाले आणि बैठक संपली. मी मान वर केली तेव्हा शांताबाई माझ्याकडे पाहत होत्या. मला वाटलं, आता या तोंड फिरवतील. मला ते चाललं असतं.

बायका उतरून गेल्या. मी शेवटी निघाले. शांताबाई जिन्याच्या तोंडाशी थांबल्या होत्या. म्हणाल्या, "बाई, हात द्या. जिना लय उभा हाये." त्या जिन्याची मला सवय आहे, तरी मी हात दिला. त्यांनी माझा हात धरला, घट्ट, आणि आम्ही एक एक पायरी उतरलो. त्यांचा तळहात खरखरीत होता आणि गरम होता. तो गरम आहे हे मला कळलं.